काळी पाचची दोन मडकी

"आलं का गं?"

बाईंनी रंगमंचावरून विचारलं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होते. डोळे मिटले की कान उघडतात, असं मीच वर्गात सांगायचे. बाईंनी पदाचं ध्रुवपद दोनदा म्हटलं होतं. पहिल्या वेळी मला ऑर्गन ऐकू आला, वर पत्र्यावर चालणारं कबुतर ऐकू आलं, आणि शेजारच्या घरात कुणीतरी गुणगुणावं एवढ्याच बाई. दुसऱ्या वेळी तेवढंही नाही.

"आलं, बाई," मी ओरडले.

"शब्द कळले?"

"सगळे कळले."

बाईंनी पदर सावरला आणि ऑर्गनवर बसलेल्या भार्गवरावांकडे पाहून हसल्या. भार्गवराव पंचाहत्तरीचे, बाईंना तीस वर्षं साथ केलेले. ते काही हसले नाहीत. ते ऑर्गनचा भाता चालवणारे पाय थांबवून माझ्याकडे बघत होते. एवढ्या लांबून त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी खाली बघितलं.

पुढं या गोष्टीत मी बरंच काही केलं. सुरुवात मात्र या "आलं"पासून आहे.

शहाऐंशी साल. मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. अंगात मस्ती होती, दुसरा शब्द नाही. गावातलं जुनं नाट्यगृह दुरुस्तीला काढलं होतं. रंगमंचाच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या. त्या उचलल्या तर खाली तळघरात घागरीएवढी बारा मडकी निघाली, तोंडं वर करून जमिनीत पुरलेली. माइक नव्हते त्या काळात आवाज घुमावा म्हणून बांधणाऱ्यांनी ठेवलेली. निम्मी फुटली होती. समितीचे चिटणीस नेर्लेकर कॉलेजात आले आणि म्हणाले, मॅडम, तुमच्या शास्त्रात याचं काही आहे का?

आहे म्हणजे काय, आहेच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात बोलते, तेच हे. प्रत्येक मडक्याचा एक सूर असतो. तो सूर आला की मडकं तो पोटात घेतं, क्षणभर धरतं आणि परत देतं. मी समितीपुढं खडू घेऊन भाषण ठोकलं. मोडकी कशाला ठेवायची, नवीन बारा करू, सुरात लावून घेऊ. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल. आठवड्यानं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात चौकट आली, माझ्या नावासकट. माझ्या आईनं ती कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवली.

आणि चौकट वाचून अनसूयाबाई मांद्रेकर आमच्या दारात आल्या.

बाई मूळच्या गोव्याकडच्या, मांद्र्याच्या. संगीत नाटकांच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या आणि कंपनी बुडाली तेव्हा आमच्या गावातच राहिल्या. अडुसष्ट वय. त्यांची एक गोष्ट गावात पोराटोरांना ठाऊक होती. सगळ्यांनी माइक घेतले, बाईंनी घेतला नाही. "ज्या दिवशी मला माइक लागेल, त्या दिवशी मी रंग पुसीन," असं त्या भर सभेत बोलल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी आवाज पोचेना झाला तेव्हा गाजावाजा न करता घरी बसल्या. माइक लागला नाही आणि रंगही पुसला नाही, असं मधल्यामधे अडकलेलं ते सगळं होतं.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "खरं सांग. तुझी मडकी माझा आवाज नेतील?"

"नेतील."

"मला भुलवू नकोस हो. मी म्हातारी आहे, लगेच भुलेन."

"बाई, शास्त्र आहे हे."

उद्घाटनाला त्यांचा एक प्रवेश आणि एक पद ठरलं. ते जमलं तर माघात मांद्र्याला देवीच्या उत्सवात एकदा गायचं. जिथं दहा वर्षांच्या असताना पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तिथंच. आणि मग सुखानं बसायचं. त्यांचं मागणं एवढंच होतं.

मडकी करायला सिद्राम कुंभार होता. जुनी मडकी त्याच्या आज्यानं केलेली. मी त्याला चित्र काढून दिलं. पोट एवढं, गळा एवढा, तोंड चिंचोळं. त्यानं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"काय पायजे तुमास्नी?" त्यानं विचारलं. "समदं ऐकणारं मडकं, का धरून ठेवणारं?"

"दोन्ही."

"त्ये व्हत न्हाई. रुंद तोंडाचं मडकं समद्यांचं ऐकतंय, पर पोटात काय ठेवत न्हाई, आलं तसं गेलं. चिंचोळ्या तोंडाचं एकच सूर वळखतंय, पर त्यो सोडत न्हाई. दोन्ही गुण एका मडक्यात मागू नगा. माझ्या आज्याला जमलं न्हाई."

"तुमचे आजोबा फिजिक्स शिकले नव्हते."

"शिकत बसलं असतं तर मडकी कवा केली असती?"

मी हसण्यावारी नेलं. वास्तविक तो जे बोलला तेच मी दरवर्षी बोर्डावर लिहीत होते. शाळेचं मोठं फाटक असलं की पोरं झटकन आत येतात आणि झटकन पळतात. दिंडी दरवाजा असला की एकेकच आत येतो आणि आत आलेला लवकर बाहेर पडत नाही. येण्याचं दार आणि जाण्याचं दार एकच, त्यामुळं दोन्हीकडून फायदा घेता येत नाही. कुणालाच येत नाही. पोरांना मी हे पाच मार्कांना विचारायचे. स्वतःवर आलं तेव्हा वाटलं, मी काहीतरी वाट काढीन.

बाईंना मी त्यांची पट्टी विचारली. "काळी पाच," त्या म्हणाल्या. "माझ्या रेकॉर्डी ऐक ना." मी रेकॉर्डी ऐकल्या. काय आवाज होता. पेटीची पाचवी काळी पट्टी दाबावी आणि तिच्यावर बाईंनी नुसता सा लावावा, अंगावर काटा यायचा. मी मडक्यांत मूठमूठ वाळू घालून बाराच्या बारा त्या सुराला लावली. मग तालीम झाली आणि भार्गवरावांनी गुपचूप काळी चार धरली. मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली. बाईंचं वय झालं होतं हे मडक्यांखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मडकी काळी पाचला टपून बसलेली, त्यांनी बाईंना ओळखलंच नाही.

तीच ती तालीम. तेच माझं "आलं".

मला त्यांना दुखवायचं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की देव्हाऱ्याशेजारची चौकट मला दिसत होती.

मी सिद्रामकडून रुंद तोंडाची दहा मडकी करून घेतली आणि तळघरात उतरून आधीची चिंचोळी बदलली. मधली दोन तशीच राहिली. काळी चारला ती मुकीच होती, म्हटलं असू देत. रुंद मडक्यांनी बाईंचा प्रत्येक सूर ऐकला आणि जागच्या जागी सोडून दिला. शेवटच्या रांगेत पुन्हा कबुतरच. अशा आणखी सहा तालमी झाल्या, सहा वेळा बाईंनी विचारलं आणि सहा वेळा मी "आलं" म्हणाले. सातव्या दिवशी मी इस्माइल मुल्लांकडे गेले.

इस्माइलभाई गावातले मंडप-लाउडस्पीकरवाले. लग्न असो, गणपती असो, उरूस असो, माइक त्यांचाच. त्यांची नसीम माझ्याच वर्गात, बारावीला. हुशार मुलगी. मी त्यांना म्हटलं, मधल्या दोन मडक्यांच्या तोंडात आतून एकेक छोटा माइक टांगायचा, वायर तळघरातून न्यायची, आणि शेवटच्या रांगेमागच्या भिंतीत वरती लाकडी जाळ्या आहेत त्यांच्या पाठीमागं दोन स्पीकर.

"बाईंना ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"सांगते मी."

"आदी सांगा, ताई. त्या बाईचा शबूद हाय त्यो."

"सांगते म्हटलं ना."

त्यांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "बरं, मग निदान मडक्यात नगं. मोकळ्यावर माइकनं शिट्टी मारली तर बटण कमी केलं की गप होतोय. मडक्यात त्याला घर मिळंल. बोलायला लागला तर थांबायचा न्हाई."

पण मला मडक्यातच हवा होता. कारण ऐका, म्हणजे कळेल मी किती खालच्या पातळीला गेले होते. माइक मडक्यात असला की कुणी विचारलं तर मी म्हणू शकत होते, आवाज मडक्यातूनच येतोय. म्हणजे खोटं बोलायला नको. इतकी मी सत्यवचनी.

आठव्या तालमीला बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. आवाज मागच्या भिंतीवरून भरून परत आला होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग पुन्हा म्हटली, हळू. तरीही भरलं. माझ्याकडं बघून त्यांनी काही विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. त्या तिथंच फळ्यांवर बसल्या आणि तळहात लाकडावर ठेवला.

"भार्गवराव, ऐकलंत?"

"ऐकलं," भार्गवराव म्हणाले.

"आठ वर्षं मी कशाला घरात बसले हो? आवाज होता माझा. इमारतच बहिरी होती."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्याही आलं. त्या वेळी मला वाटलं की मी काहीतरी चांगलं केलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई हळदकुंकू, नारळ आणि सिद्रामच्या बायकोसाठी खण घेऊन आल्या. मला तळघराचा दरवाजा उघडायला लावला. खाली वायरी होत्या. मी म्हटलं, बाई, खाली विंचू असतात, वरूनच पूजा करा. त्यांनी वरूनच फळ्यांवर कुंकू वाहिलं. सिद्रामला बोलावून नारळ दिला आणि हात जोडले. तो अवघडून उभा राहिला. बाई आत गेल्यावर माझ्याजवळ आला.

"ही बोली माझ्या मडक्याची न्हाई."

"मग कुणाची?"

"त्ये तुमास्नी ठावं," तो म्हणाला. नारळ त्यानं घरी नेला नाही. ऑफिसातल्या नटराजापुढं ठेवून गेला.

बाईंनी मांद्र्याला पत्र टाकलं. येते म्हणून, आणि माझ्या वेळेला माइक काढून ठेवा म्हणून. ते पत्र मीच पोस्टाच्या पेटीत टाकलं. सांगायला म्हणून मी दोनदा त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदा त्या मला शालू दाखवत बसल्या. दुसऱ्यांदा पाहुणे होते. सांगायला गेले आणि चकल्या खाऊन परत आले.

उद्घाटन रविवारी दुपारी चार वाजता. नाट्यगृह गच्च. माणसं भिंतींना चिकटून उभी. माणसं भरली की आवाज मरतो. कपडे, अंगं सगळं गिळतात. मी विंगेच्या पार टोकाला, एका जुन्या पडद्याआड, इस्माइलभाईंजवळ गेले. ते एका खोक्यावर बसले होते, पुढ्यात ॲम्प्लिफायर.

"थोडं वाढवा," मी म्हटलं.

"किती?"

"मागं पोचेल इतकं."

त्यांनी बटण फिरवलं. तळघरातून अगदी बारीक काहीतरी आलं.

"मडकं कण्हायला लागलंय, ताई."

"लोकांच्या गडबडीत कुणाला ऐकू येणार."

पडदा वर जायला पाच मिनिटं असतील. बाई तयार होऊन पडद्याआडच्या अंधारात आल्या. गालांवर गुलाबी रंग, नथ, तोच शालू. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला ओलांडून ऑर्गनकडं बघत म्हणाल्या, "भार्गवराव, काळी पाच."

"बाई, काळी चार ठरलंय."

"ठरलं होतं. तेव्हा मला माझा आवाज ठाऊक नव्हता. काळी पाच घ्या, माझी पट्टी."

"बाई, ऐका माझं."

"आयुष्यभर ऐकलं. आज नाही."

भार्गवरावांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्याच क्षणी आठवलं. मधली दोन मडकी. काळी पाचला लावलेली, चिंचोळ्या तोंडाची, त्या एका सुरासाठी दीड महिना टपून बसलेली, आणि आता त्यांच्या तोंडात माइक. बटण टोकाला. मी काही अडाणी नव्हते. पुढं काय होणार हे मला पाठ होतं. माझ्याकडं पाच मिनिटं होती. इस्माइलभाईंना बटण कमी करायला सांगायला दोन शब्द पुरले असते. पण बटण कमी केलं तर मागं पोचणार नव्हतं, आणि पोचलं नाही तर सगळं उघडं पडणार होतं. मी म्हटलं, कदाचित निभावेल. आणि गप्प राहिले.

पडदा वर गेला. टाळ्या पडल्या. प्रवेश बरा झाला. मग ऑर्गननं सूर धरला आणि बाईंनी सा लावला.

तो सा त्यांच्या जुन्या रेकॉर्डीवरचा होता, शपथेवर सांगते. क्षणभर अख्खं नाट्यगृह त्यानं भरून गेलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हणालं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. श्वास संपत आला तसा त्यांनी सूर सोडला आणि तोंड मिटलं.

सूर सुटला नाही.

बाईंचं तोंड बंद होतं आणि बाईंचा सा चालूच होता. मडक्यानं घेतला, माइकला दिला, स्पीकरनं भिंतीवरून परत पाठवला, मडक्यानं पुन्हा घेतला. कमी व्हायच्या ऐवजी तो वाढायला लागला. भार्गवरावांनी ऑर्गनवरून हात उचलले, तरी चालू. लोकांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर रांगेमागून रांग दिसलं. बाईंनी डोळे उघडले. एक हात आपल्या गळ्याला लावला, आपणच गातोय की काय ते बघायला. मग खाली, पायाखालच्या फळ्यांकडं पाहिलं. त्या फळ्यांवर त्यांनीच वाहिलेलं कुंकू अजून होतं.

इस्माइलभाईंनी वायर उपटली. सगळं थांबलं.

"माइक होता की," मागून कुणीतरी म्हणालं. मग एक हसला. मग पुष्कळ जण हसले. वाईट हसले असं नाही, माणसं हसतात तशी हसली.

बाई पुढं आल्या आणि हात जोडले. मग शालूचा पदर घेऊन उजव्या गालावरचा रंग पुसला. एकदाच, वरून खाली. लोक हसायचे थांबले. त्या वळून आत गेल्या.

नेर्लेकर धावत आले. "कुणी लावला माइक? कुणी लावला?" इस्माइलभाईंच्या हातात वायर होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही, पण मला बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी नेर्लेकरांच्या खांद्यावरचा धागा बघत राहिले.

"माझी चूक झाली, साहेब," इस्माइलभाई म्हणाले. "टेप करायला म्हणून लावला व्हता."

"अरे, कुणाला विचारून?"

"न्हाई विचारलं. चुकलं."

नेर्लेकर त्यांना नाही नाही ते बोलले. मी तिथंच उभी होते. त्यात बाईंचा निरोप आला, मला आणि इस्माइलभाईंना दोघांनाही रंगपटात बोलावलंय.

बाई आरशापुढं बसल्या होत्या. उजवा गाल त्यांचा स्वतःचा, डावा अजून गुलाबी. आरशातूनच त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"शरयू, त्या पहिल्या दिवशी तू मागं उभी होतीस. तेव्हा आलं होतं का?"

सातव्यांदा विचारत होत्या की आठव्यांदा, मला आता आठवत नाही. इतकं होऊनही, देवाशपथ, माझ्या तोंडातून तेच निघालं.

"आलं होतं, बाई."

"मग माइक कशाला लावलास?"

मी आरशातून नजर काढली. इस्माइलभाई मान खाली घालून म्हणाले, "बाई, माइक मी..."

"तू गप रे. तीस वर्षं माइक लावतोयस, मडक्यात माइक ठेवण्याइतका तू शहाणा नाहीस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू कशाला घेतलंस अंगावर?"

"नसीमला शिकवत्यात ताई," इस्माइलभाई म्हणाले. "ताईंची नोकरी नवी हाय. आमचं काय, आमास्नी सवय हाय शिव्यांची."

बाई बराच वेळ गालाला तेल लावत राहिल्या. मला वाटलं, आता त्या मला बोलतील, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"तू पहिल्याच दिवशी नाही म्हणाली असतीस ना," त्या म्हणाल्या, "तर मी घरी जाऊन चहा करून प्याले असते. चार दिवस वाईट वाटलं असतं. एवढंच होतं गं ते." मग दाराकडं बोट केलं. "बाहेर सगळे उभे आहेत. या माणसाचं काम जाईल. जा, सांग."

"हो, बाई."

रंगपटापासून बाहेरच्या दारापर्यंत एक लांब बोळ होता. बोळाच्या टोकाला नेर्लेकर, समितीची माणसं आणि तो चौकटवाला वार्ताहर. मी चालत गेले. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. माइक मी लावला, इस्माइलभाईंनी मला अडवलं होतं. दोन वाक्यं. चालताना ती मी चार वेळा म्हटली.

मी पोचायच्या आधीच नेर्लेकर पुढं आले. "मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या माणसानं तुमच्या मडक्यांचं नाव घालवलं. यांना मी तेच सांगतोय, मडक्यांत दोष नाही, सगळा घोळ त्या माइकवाल्याचा. बरोबर ना?"

वार्ताहरानं पेन उघडलं होतं.

इस्माइलभाईंना त्यानंतर त्या नाट्यगृहाचं काम कधी मिळालं नाही. पुढं गणपतीचंही गेलं. माझी नोकरी टिकली, मी पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. बाईंनी मांद्र्याला येत नाही म्हणून दुसरं पत्र लिहिलं, ते कुणी पेटीत टाकलं मला माहीत नाही. मागच्या महिन्यात इस्माइलभाई वारले. मी भेटायला गेले, तर नसीम माझा हात धरून म्हणाली, अब्बा तुमचं नाव फार आदरानं घ्यायचे, मॅडम. तीही आता कॉलेजात शिकवते. मी तिलाही काही सांगितलं नाही. तिनं दिलेला चहा पिऊन आले.

त्या दिवशी मी नेर्लेकरांकडं पाहिलं आणि "हो" म्हणाले. ओठातल्या ओठात, कसंबसं. मला स्वतःलाही तो होकार नीट ऐकू आला नव्हता.

वार्ताहर लिहायला लागला. मग त्याचं पेन थांबलं, कारण मागून आवाज आला. मी वळले. बोळाच्या त्या टोकाला, रंगपटाच्या दारात, बाई उभ्या होत्या, हातात तेलाचा बोळा. आवाज चढवलेला नव्हता. तरी बोळातल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"आलं गं, शरयू," बाई म्हणाल्या. "इथपर्यंत आलं."